अळणी श्रावण

“शैला, आपली जमीन पाण्यावर हाय का गं?”

मालनवहिनीनं असं विचारलं तेव्हा मी नुकतीच एसटीतून उतरून घरात पाऊल टाकत होते, हॉस्टेलची पिशवीही अजून खांद्यावरच होती. वहिनी सोप्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. हिरवी साडी, मोकळे सोडलेले केस, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठांवर झोपेत हसावं तसं हसू. तिच्या पुढ्यात खण-नारळ, हिरव्या बांगड्या आणि गल्लीतल्या बऱ्याच बायका. आमच्या घरात एवढ्या बायका मी फक्त बाबा गेले तेव्हा पाहिल्या होत्या.

“पाण्यावर कशी असेल वहिनी?” मी म्हटलं.

“हलतीया की. तू उभी हाईस, तिथं बी हलतीया.” तिचे शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडत होते.

शेजारच्या चंपाकाकीनं चटकन हात जोडले. “आयकलंस का? तिला पाणी दिसतंय. आसरा आल्यात तिच्या अंगात.”

आमचं गाव कृष्णेच्या काठचं. गावाखालच्या डोहात साती आसरा राहतात, म्हणजे सात बहिणी, पाण्याच्या देवी, अशी सगळ्यांची श्रद्धा. भर दुपारी एकट्या बाईनं डोहाकडं फिरकायचं नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. आसरा धरतात, नेतात. पण एखादीवर प्रसन्न झाल्या तर तिच्या अंगात येतात आणि मग त्या घराचं सोनं होतं, असंही म्हणत. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन आतून आली. वहिनीपुढं वाकून म्हणाली, “घे बाई, पाणी घे. सकाळधरनं कितीदा तहान लागली तुला.”

मी बघतच राहिले. आसरा येणं एक वेळ मी मानलं असतं. माझी आई सुनेला ‘बाई’ म्हणून तिच्या हातात तांब्या देते, हा मात्र चमत्कारच होता.

मालनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, रावसाहेबदादाची बायको. दादाचं हायवेला मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती गल्लीत सगळ्यांत गोड बोलणारी सून होती. मग एका उन्हाळ्यात तिला उधाण आलं. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. ती झोपेना. दिवसरात्र बोलायची, गायची, स्वतःच रचलेल्या ओव्या म्हणायची. लग्नातल्या साड्या तिनं ऊसतोडणीच्या बायकांना वाटून टाकल्या. गॅरेजचं शटर निळ्या रंगानं रंगवून त्यावर मासे काढले. दादाच्या गिऱ्हाइकांना सांगायची, गाडी कशाला, मी तुमाला उडत नेऊन सोडते. गावानं दारात उभं राहून तमाशा बघितला, आणि आई ‘गप बस, गप बस’ म्हणत तिच्यामागं धावत राहिली. त्यानंतर जी ओहोटी लागली, तिच्यात ती महिनोन् महिने भिंतीकडं तोंड करून पडून होती. मग मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. उधाण थांबलं, ओहोटीही थांबली. वहिनी उठली, भाकऱ्या थापू लागली, धुणं धुऊ लागली. गावात मात्र तिचं नाव पडायचं ते पडलंच होतं. ‘रावसाबची येडी’ म्हणत. आई तोंडावर तसं म्हणायची नाही, पण सुनेविषयी बोलायचं झालं की आधी सुस्कारा टाकायची.

त्या गोळ्यांत काय आहे ते मला कळलं सांगलीच्या कॉलेजात. मी बी.एस्सी. करत होते. प्रयोगशाळेत सरांनी एकदा मेणात ठेवलेला एक चंदेरी तुकडा काढला आणि खवा कापावा तसा चाकूनं कापला. कापलेली बाजू लख्ख चमकली आणि बघता बघता काळवंडली. रॉकेलमध्ये टाकला तर बुडेना, वरच तरंगत राहिला. पाण्यात टाकला तेव्हा सूं सूं करत गोल गोल फिरला आणि फिरता फिरता संपून गेला. त्याच्या क्षाराची भुकटी ज्योतीवर धरली तर ज्योत डाळिंबी लाल झाली. सर म्हणाले, हा लिथियम. जगातला सगळ्यांत हलका धातू. मनगटी घड्याळाच्या चपट्या सेलमध्ये असतो, यंत्राच्या ग्रीसमध्ये असतो, काचेत असतो, आणि मनाच्या आजारावरच्या औषधातही असतो.

सुट्टीला घरी आल्यावर मी वहिनीला हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. आम्ही दोघी मागच्या दारात शेंगा फोडत बसलो होतो.

“म्हंजे माज्या गोळीतला?” तिनं विचारलं.

“तोच. फक्त गोळीत तो क्षार होऊन बसलेला असतो. मऊ, चमकणारा नसतो.”

“त्यो पाण्यावर तरंगतो म्हणतीस?”

“तेलावरसुद्धा.”

“मग त्यो खाऊन मी का बुडाल्यागत हाय?” असं म्हणून ती पुन्हा शेंगा फोडू लागली.

दादा तिथंच हातपाय धूत होता. त्याला विषय बदलायची घाई झाली असावी. तो गॅरेजमधून आणलेला ग्रीसचा डबा घेऊन आला आणि डब्यावरचं नाव दाखवत म्हणाला, “हे बग, हितं पण लिथियम! बेरिंगला लावलं की खरखर बंद.”

वहिनीनं डबा हातात घेऊन निरखून पाहिला. “बेरिंगला बी त्येच, मला बी त्येच,” ती म्हणाली. “दोघींचा बी आवाज बंद.”

आम्ही तिघंही हसलो. तिला नववीनंतर शाळा सोडावी लागली होती, पण माझ्या अभ्यासात तिला भारी रस. मी मूलद्रव्यांचा तक्ता पाठ करायची तेव्हा ती मान हलवायची. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. हे एकाखाली एक का, तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, एका घरातली भावंडं आहेत, गुण सारखे, एकाच्या जागी दुसरं बसू शकतं. सोडियम म्हणजे कोण, तर आपल्या मिठातला धातू. “मग लिथियम थोरला आन मीठ धाकटं,” असा हिशेब तिनं करून टाकला होता.

तर त्या श्रावणात मी घरी आले ती अशी सोप्यात भरलेल्या दरबारात. दुपारी बायका पांगल्यावर आईनं ताटं वाढली. वहिनीचं ताट वेगळं होतं. भाकरी वेगळ्या परातीतली, आमटी वेगळ्या पातेल्यातली.

“हे असं का?” मी विचारलं.

“आळणी हाय तिचं,” आई अभिमानानं म्हणाली. “श्रावण लागला तवाधरनं मीठ सोडलंय तिनं. सबंध महिना. पोटी मूल व्हावं म्हणून बोलली आसरांना. आन बग, आसरा पावल्या बी. आता म्हणू दे कुणी येडी!”

वहिनीनं घास उचलला. हात इतका थरथरत होता की घास तोंडापर्यंत पोचेपर्यंत निम्मा साडीवर सांडला. दुसरा घास पोटात जेमतेम राहिला असेल नसेल, ती तोंडावर पदर धरून मोरीकडं निघाली आणि वाटेत दाराच्या चौकटीला थडकली. पाय टाकायची एकीकडं आणि पडायचा भलतीकडं. आई तिच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडं वळून म्हणाली, “चार दिवस झालं असंच हाय. अन्न नकोच वाटतंय. देवाचं वारं आंगात असल्यावर अन्न कुठलं गोड लागायला?”

“आई, गोळ्या?”

“त्या चालू हायत की. रावसाब सोताच्या हातानं देतोय. एक बी चुकीवली न्हाई.”

“आणि मीठ कमी केलेलं डॉक्टरांना विचारलं?”

“त्यात काय इचारायचं? डॉक्टरांनीच सांगितलंय, पथ्य काय न्हाई, घरातलं रोजचं सगळं खायाचं. आन मीठ सोडल्यानं कुणाचं काय वाईट झालंय? बीपीवाल्यांना तर सोडाच म्हणत्यात.”

आईचं काय चुकलं? आमच्याकडं पथ्य मोडायचं म्हणजे नको ते खायचं. देवासाठी मीठ सोडणं हे पथ्य मोडणं असू शकतं, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. माझ्याही आलं नव्हतं. पण मी ताटातल्या आमटीत बोट बुडवून चाटलं, आणि त्या फिकट, चवहीन घोटाबरोबर तो तक्ता माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. गोळी चालू होती. मीठ बंद होतं. थोरला रोज घरात येत होता आणि धाकट्याची जागा मोकळी पडली होती.

मी डॉक्टर नव्हते. मला खात्री नव्हती. तरी मी वहिनीचं ताट बाजूला सारलं.

“आई, वहिनीला मिरजेला न्यायला पाहिजे. आत्ताच. ह्या आसरा नाहीत. औषध चढलंय तिला.”

आईचा चेहरा क्षणात बदलला. “चार बुकं शिकलीस म्हणून देवाच्या वर जातीस व्हय? इतकी वर्सं लोकांनी माझ्या घराला हसून घेतलं. आता त्याच बाया तिच्या पाया पडत्यात. आन तू तिला पुन्यांदा येड्यांच्या डॉक्टरकडं न्हेतीस? आसरा कोपल्या तर कुणाला जबाब देणार?”

“आणि वहिनी गेली तर?”

मी उत्तराची वाट न बघता पळत गॅरेज गाठलं.

दादा एका जीपखाली झोपून काम करत होता. मी खाली वाकून सगळं सांगितलं. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. मग तो घसटत बाहेर आला, तोंडाला ग्रीस फासलेलं. “मला वाटत हुतं काईतरी बिनसलंय,” तो म्हणाला. “पर शैला, आईनं तिच्या केसाला तेल लावलं गं परवा. लग्नापासनं पयल्यांदा. मला वाटलं, असू दे. चार दिस तिला बी मान मिळू दे.” एवढं बोलून त्यानं डोळे पुसले. मग जीपचं बॉनेट धाडकन बंद केलं. जीप सरपंचांची होती, दुरुस्तीला आलेली. “चल. सरपंचाला मागनं सांगू.”

आम्ही दारात जीप उभी केली तेव्हा चंपाकाकी आडवी आली. श्रावणात आसरांना नदी ओलांडून नेऊ नये, मोठं विघ्न होईल, असं काय काय ती सांगत होती. आश्चर्य म्हणजे तिला बाजूला सारलं ते आईनं. कमरेला पदर खोचून, हातात नारळ घेऊन ती आमच्याआधी जीपमध्ये चढून बसली. “मी बी येणार,” ती म्हणाली. “आन पुलावर गाडी थांबवायची. नारळ सोडल्याबिगर नदी वलांडायची न्हाई.” नारळ तर नारळ. आम्ही निघालो.

त्या प्रवासाची मला अजून स्वप्नं पडतात, आणि खरं सांगायचं तर ती भीतीची स्वप्नं नसतात. वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दोन्ही बाजूंना उसाची रानं वाऱ्यानं एका अंगाला झुकत होती, वर ढग आणि ऊन आळीपाळीनं येत होतं, आणि सगळंच हिरवट उजेडात बुडालेलं होतं. वहिनीचा हात माझ्या हातात थरथरत होता. त्याचं थरथरणं थांबतच नव्हतं, जीप उभी असतानाही.

“शैला, त्या केस इंचरत्यात,” ती म्हणाली.

“कोण?”

“त्या सातजणी. पाण्यात बसल्यात. येकीचे केस दुसरी इंचरती, दुसरीचे तिसरी. मधली माझ्यागत दिसती. तिला मी हाक मारली, पर तिला माझं नावच म्हाईत न्हाई.”

“काय करतेय ती?”

“गाती. सगळ्याच गात्यात. मला आयकाय येतंय, पर म्हणाय येत न्हाई.” आणि मग हळूच, “मी जाऊ त्यांच्यात?”

“नाही वहिनी,” मी म्हटलं. पुलावर दादानं गाडी हळू केली, आईनं नारळ पाण्यात टाकला आणि हात जोडून काहीतरी पुटपुटली. नारळ बुडाला आणि पुन्हा वर आला. वहिनी माझ्या मांडीवर हसत होती. तिला काय दिसत होतं कुणास ठाऊक, पण तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी त्या उधाणाच्या दिवसांनंतर कधीच पाहिलं नव्हतं. त्या सुखाचीच मला भीती वाटत होती.

मिरजेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मी ‘लिथियम’ म्हटलं, ‘मीठ सोडलंय’ म्हटलं, आणि त्या खुर्चीतून उठल्याच. रक्त घेतलं गेलं. डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, गुडघ्यावर टकटक केलं. अहवाल आल्यावर त्यांनी दादाला बाजूला बोलावलं. मी आणि आईही त्याच्यामागं गेलो.

“औषध रक्तात फार साठलंय,” त्या म्हणाल्या. “शरीराला मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं मिठाची राखण करायला लागतात, बाहेर जाऊ देत नाहीत. लिथियम त्याचंच भावंड. त्यांना दोघांतला फरक कळत नाही. मिठाबरोबर त्यालाही धरून ठेवतात. गोळी रोज जातेय आणि बाहेर काहीच पडत नाही. अजून थोडे दिवस गेले असते तर...” त्या थांबल्या. “सलाइन लावतो. लगेच. मेंदूला इजा व्हायच्या आत हे निघायला पाहिजे.”

“वाचंल न्हवं?” दादानं विचारलं.

“उशीर नाही केला तर.”

सिस्टर बाटली टांगून सुई घेऊन आली. वहिनीनं डोळे उघडले. “काय हाय त्यात?”

सिस्टरला काय माहीत! ती सहज म्हणाली, “काही नाही हो, मिठाचं पाणी.”

वहिनीनं हात असा हिसडला की ट्रे खाली पडला. एवढी ताकद त्या थरथरत्या हातात कुठून आली देव जाणे. तिनं दोन्ही हात छातीशी धरले, अंगाची जुडी केली आणि भिंतीकडं वळली. “मीठ नको. मोडंल. माझं मोडंल.”

दादानं समजावलं, मी समजावलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, धरून ठेवता येईल, पण तिनं झटापट केली तर सुई टिकणार नाही, आणि ती अशा अवस्थेत झटापट करणं बरं नाही. तिला पटवा.

मी तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसले. “वहिनी, ऐक. ज्या सातजणी तुला दिसल्या, त्या तुझ्या गोळीतून आल्यात. तो थोरला तुझ्या अंगात दाटून बसलाय. धाकटं आत गेलं की तो निघेल.”

तिनं मान थोडी वळवली. “म्हंजे त्या आसरा न्हवत्या?”

“नाही गं.”

“त्यांनी मला काय दिलं न्हाई?”

“नाही.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायलाही ती हात सोडेना. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती पुढं होऊन म्हणाली, “मालन, मूल काय आज न्हाई तर उद्या हुईल. दुसरं व्रत करू. हे जाऊ दे.”

“मुलासाठी न्हवतं ते, आत्याबाई.”

दादानं मान वर केली.

“तुमीच म्हणाला मुलासाठी. मी न्हाई म्हणले न्हाई, तुमाला बरं वाटलं म्हणून.” शब्द तुटत होते, चिकटत होते, पण आम्हाला एकन् एक कळत होता. “गोळी सुरू झाली तवापासनं समदं आळणी हाय. ऊन आळणी, सण आळणी. ह्यांनी जवळ घेतलं तरी आळणी. रडू बी येत न्हाई, गाणं बी येत न्हाई. गोळी सोडीन म्हणलं तर ह्यांना शब्द दिलाय. मग मी आसरांना म्हणले, माझ्या जेवणातली चव तुमी घ्या. आन माझ्या जिवातली मला माघारी द्या.” ती दमली. “आन आली हुती की. थोडी थोडी आली हुती. आता तुमी ती बी काढून घेताय.”

दादा भिंतीला टेकला आणि खाली बसला. रसायनशास्त्रात याचं उत्तर नव्हतं, आजही नाही. आणि तेच शास्त्र मी इतकी वर्षं शिकवते आहे.

पुढं झाली ती आई. तिनं मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि पलंगाच्या कडेवर बसली.

“मालन, तू गायचीस तवा मी तुला गप बस म्हणायची. म्हणायची न्हवं?”

“व्हय.”

“लोकांच्या भ्यानं म्हणायची गं. सोप्यातनं तुला वरडायची, आन मग चुलीपुढं बसून आयकायची. आमच्या घरात कुणाचा गळा असला न्हवता. माझ्या बापाच्या घरी बी न्हवता. तू गप झालीस तवापासनं मला बी घास गोड लागत न्हाई.”

वहिनी आईकडं बघत राहिली. ते अर्धे मिटलेले डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले. “मग कधी बोलला न्हाईसा?”

“कशी बोलू? तुला सांगितलं आन तू गोळ्या सोडल्यास, तर? तुला पुन्यांदा तशी भिताडाकडं तोंड करून पडलेली बघायची माझ्यात ताकद न्हवती.” आईनं पदरानं तोंड पुसलं. “भ्याले मी. सुस्कारं टाकत बसले आन भ्याले.”

“आन आसरा?”

“त्यांचं मी बघते. व्रत मुलासाठी हाय असं गावभर मी सांगितलं. म्हंजे व्रत माझं. मोडलं तर पाप बी माझं. आसरांनी काय करायचं ते माझं करावं. त्या सातजणी हायत, मी येकटी पुरून उरीन.” एवढं म्हणून आईनं तिचा हात छातीपासून सोडवला, हळूहळू, एकेक बोट मोकळं करत. वहिनीनं तो सोडवू दिला. आईनं तो आपल्या मांडीवर सरळ धरला आणि सिस्टरला म्हणाली, “लावा. मी धरलाय.”

बाटल्यांमागून बाटल्या गेल्या. आधी थरथर गेली, मग बोलणं सुटं झालं, मग पाय ठिकाणावर आले. सातजणीही गेल्या. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी गोळीचं प्रमाण कमी केलं आणि वहिनीचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. चव परत येईल का, असं तिनं त्यांना सरळच विचारलं. डॉक्टरबाईंनी खोटं आश्वासन दिलं नाही. रक्त तपासत राहू, अगदी लागेल तेवढंच देऊ, म्हणाल्या. आणि मीठ कधी सोडायचं नाही, कुठल्याही देवासाठी.

खण-नारळ घेऊन येणाऱ्या बायका बंद झाल्या. कोपऱ्यावर पुन्हा ‘येडी’ ऐकू येऊ लागलं. एकदा चंपाकाकी आईला तोंडावर म्हणाली, हाती आलेल्या आसरा घालवल्यात. आई म्हणाली, “माझी सून हाताशी हाय, मला त्येवढं बास हाय.” आणि दार लावून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हाची एक दुपार. आई सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती आणि गात होती. आईला गाता येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि तिला स्वतःला सगळ्यांत जास्त. मी दारातच थबकले. ती उधाणाच्या दिवसांत वहिनीनं रचलेली एक ओवी होती. शब्द न् शब्द आईला पाठ होता, चाल मात्र कुठल्या कुठं निघाली होती.

“नदीच्या गं पल्याड, कोण पाखरू बोलतं...”

पहिली ओळ ती पुन्हा म्हणाली, पहिल्यापेक्षा वाईट. मागच्या दारी वहिनी भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

“तसं न्हाई ओ, आत्याबाई,” वहिनी आतूनच म्हणाली.

“मग कसं गं?”

वहिनी राखेचे हात पुसत सोप्याच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ नुसतीच उभी राहिली, जमिनीकडं बघत. मला वाटलं, ती परत जाईल. मग अगदी हळू, घसा न खाकरता, पहिली ओळ तिनं तिच्या चालीवर म्हटली, आणि दुसरीही.

“माझ्या माहेराचं झाड, पाण्यामंदी हालतं.”

एवढंच. लगेच ती भांड्यांकडं वळली.

“आगं, पुन्यांदा म्हण की,” आई सुपावरची मान वर न करता म्हणाली. “माझं चुकतंय.” आणि निवडून झालेले तांदूळ तिनं पुन्हा न निवडलेल्या तांदळांत ओतले.